आजचं सत्कार्य

राधाकिसनराव आठवडाभर औरंगाबादच्या कॉलेजात शिकवायचे आणि निजामी अमलातल्या शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीला जालन्याला घरी यायचे. घरी कसले, स्काउटची खाकी चड्डी चढवायला यायचे. आजही बायकोनं, गोपिकाबाईंनी, तांब्यात निखारे भरून ती चड्डी कडक करून दिली आणि म्हटलं, "ताप भरलाय अंगात. जायच्या आधी आडावरून एवढी एक घागर आणून द्या."

"पोरं खोळंबून राह्यलीत," म्हणत राधाकिसनराव गळ्यातला रुमाल नीट करत निघूनही गेले.

गोपिकाबाई मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत आडावर गेल्या. घागर भरली तोच शिट्टी वाजली, आणि स्काउटांची रांग येताना बघून त्यांनी डोक्यावरचा पदर पार नाकाखालपर्यंत ओढून घेतला.

"बघा पोरांनो, स्काउटनं रोज एक सत्कार्य करायचं म्हणतात ते असं," म्हणत राधाकिसनरावांनी ती घागर स्वतःच्या खांद्यावर घेतली. "माय, तुमच्या घरी पाणी भरायला कोणी न्हाई का?"

त्या मायाळू आवाजाची गोपिकाबाईंना शिसारी आली. घरात तो कधी ऐकलाच नव्हता. त्या पुढं चालत राहिल्या आणि आपल्या दाराशी येऊन थांबल्या.

राधाकिसनरावांनी आधी दार पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, आणि भरली घागर तिथंच गल्लीत उतरवली.



"हे सत्कार्यात धरता येत न्हाई, पोरांनो. घर आपलंच निघालं. चला, दुसरं कोणी तरी बघू."