घर वगळण्याचा नियम

तनुजाच्या लग्नाचं आवतन किशनरावांच्या घराला जाणार नाही, हे ज्ञानोबांनी पक्कं केलं. मग असं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ते शेंगा फोडत बसले.

“पण बाबा, मोठी आई?” तनुजा म्हणाली.

निलंग्यात ज्ञानोबा आणि किशनराव या दोघा चुलतभावांची घरं पाठीला पाठ लावून होती. भांडण एका साखरपुड्यातलं. ऐन मे महिन्यात किशनरावांनी मांडवातला एकुलता कूलर स्वतःकडे वळवला होता. तेव्हापासून येणंजाणं बंद. किशनराव निवृत्त कारकून. घरात चहासुद्धा अर्जाच्या भाषेत मागायचे, आणि त्यांची बायको केवळाबाई तो नामंजूर करायची. शाळेत असताना तनुजाच्या वेण्या याच मोठ्या आईने घातलेल्या. पहिली हळद तिच्या हातची, नाहीतर हळदच नको, असं तनुजाने सांगून टाकलं होतं.

“बरं, वहिनीला तेवढं बोलव,” ज्ञानोबा म्हणाले. “बाकी घर वगळ. तुझी नोकरीच ती हाय ना?”

होती. लातूरच्या एका कंपनीसाठी तनुजा कोडची लायब्ररी लिहायची. कोणत्या फाइलीत कुणी काय बदललं ते लक्षात ठेवायचं, आणि ‘ह्या वगळ’ म्हटलेल्या फाइलींकडे ढुंकून बघायचं नाही, एवढंच त्या लायब्ररीचं काम. चाचणी म्हणून तिने लग्नाची यादीच आत घातली होती. घराचं एक फोल्डर, माणसाची एक फाइल. जे उरतील त्यांना मोबाइलवर पत्रिका.

तिने दोन नियम लिहिले. किशनरावांचं घर वगळ. त्यातल्या केवळाबाईला वगळू नको.

यादी आली. भावकी आली, सोयरे आले, अहमदपूरचा फोटोवाला आला. केवळाबाई नाही. तिने पुन्हा चालवून पाहिलं. फोटोवाला पुन्हा आला.

“काय करायलंय तुझं ते मशीन?”

“बरोबर करायलंय, बाबा. नियमच तसा हाय. अख्खं घर वगळलं की ते आत डोकावतच न्हाई. आत मोठी आई हाय का म्हैस, त्याला काय माहीत.”

“मग?”

“घर न्हाई वगळायचं. आत जाऊन एकेक माणूस वगळायचा. पण आता आत कोण कोण हाय, ते मला कुठं माहीत?”

ज्ञानोबा उठले. टोपी घातली. “बघून येतो. फकस्त बघायला चाललोय.”

दुपार कलल्यावर परत आले. मिशीला शिरा लागला होता.

“लिही. कुणाला वगळायचं ते बघायला आलोय, असं तोंडावर सांगूनच बसलो. त्यांचा महांतेश. पोरानं दारातच पाणी दिलं, त्याला राहू दे. त्याची बायको रेणुका. शिरा तिनंच केला, तिला कसं वगळणार? त्यांना पोरगी झालीय. आपल्याला पत्ताच न्हाई. मांडीवरून उतरंना लेकरू.”

“मग वगळू कुणाला?”

“किशनरावला. लई माजलाय.” ज्ञानोबांनी मिशी पुसली. “गुडघे गेलेत त्याचे. खाली बसता येत न्हाई. एक खुर्ची लिही यादीत.”

“खुर्चीवर कोण बसंल?”

“ते खुर्ची बघून घेईल.”

यादीप्रमाणे किशनराव वगळले गेले. खुर्चीला मात्र रीतसर पत्रिका गेली, रेणुकाच्या मोबाइलवर.

हळदीच्या दिवशी सगळ्यात आधी खुर्ची आली. महांतेशने ती मांडवाच्या मधोमध ठेवली. मग तिच्यावर किशनराव आले. केवळाबाई हळदीची वाटी घेऊन थेट तनुजाकडे गेली आणि हळद लावायच्या आधी तिची वेणी सोडून पुन्हा घातली, कारण ती सैल होती.

ज्ञानोबा खांबाला टेकून दुसरीकडे बघत उभे होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. किशनरावांनी बसल्या जागेवरून काठी लांब केली आणि कूलर ढकलत ढकलत ज्ञानोबांकडे वळवला.

“आता काय म्हणणं हाय?” ज्ञानोबा म्हणाले.

किशनरावांनी घसा साफ केला.

“विषय, घर वगळण्याबाबत. उपरोक्त विषयी नम्र विनंती की, आपल्याकडील पुढील प्रत्येक कार्यात आमचे घर प्रथम वगळण्यात यावे. अन्यथा आपण आमच्या घरी येत नाही, असे निदर्शनास आले आहे.”