तिसरी वायर

ट्रॉयने जुनी पिकअप गॅरेजात आणली. शेजारी त्याची बायको लीअन बसली होती, हाताला प्लास्टर. गाडी थांबली तरी इंजिन हिसके देत होतं, बॉनेट थडथडत होतं.

"काय गं, कांगारूशी कुस्ती खेळलीस?" मर्व्ह मेकॅनिकने विचारलं.

"हिला धड चालताही येत नाही," उत्तर ट्रॉयने दिलं.

मर्व्हने चालू इंजिनच्या प्लगवरची एकेक वायर काढून पाहिली. तिसरी काढली तरी आवाज बदलला नाही.

"हाच सिलिंडर मेलाय. आणि वायर झिजलेली नाही लेका, कापलेली आहे."

"उंदीर असतील," लीअन घाईने म्हणाली. "राहू दे ना मर्व्ह, चालतेय तशी."

"चालतेय कसली! कुरणाच्या फाटकातून आत शिरली की घरात तोफ ऐकू येत असेल." हसत हसत त्याने नवी वायर बसवली. इंजिन एकदम शांत झालं. "घे ट्रॉय. आता अगदी दारात आलास तरी कुणाला कळणार नाही."


दुसऱ्या संध्याकाळी पबमधून परतलेल्या ट्रॉयने लाथेने दार उघडलं, तेव्हा पहिल्यांदाच मागचं दार सताड उघडं नव्हतं, आणि दोन्ही मुलं बाहेर पळालेली नव्हती, टेबलाशी जेवत होती.