सोमवारचा कौल

"काय इचारूचा देवाक?" परशुराम गुरवाने हात ओला करत विचारलं.

सासूने घोकवून घेतलेलं आनंदीने सांगितलं. मुलगी पारू, सतरा वर्षांची. जन्मापासून बसता येत नाही. घास भरवावा लागतो, रात्रीतून चारदा कूस बदलावी लागते. नवरा बोटीवर, वर्षाने येणार. शेजारची अ‍ॅनी म्हणते, दर सोमवारी दुपारपर्यंत मी पारूपाशी बसते, तू जरा पाठ टेक. तर पोरीला तिच्या हाती सोपवावी का?

अ‍ॅनीने हे पहिल्यांदा काढलं तेव्हा सासू काशीबाई फटकन म्हणाल्या होत्या, "पोरीच्या आवशीक कसलो गो थकवो?" मग थोडं नमतं घेतलं. "रवळनाथाक इचार. देव हो म्हणालो तर बघूया." आजच्यापुरती अ‍ॅनी येऊन बसली होती.

देवाच्या अंगावर फुलांचे दोन कळे ओले करून चिकटवायचे. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आनंदीला आत काहीच वाटत नव्हतं. हो आलं तरी चालेल, नाही आलं तरी चालेल. सोळा सोमवार तिने तीनदा केले होते. पुढे उपास चालू राहिले, मागणं तेवढं सुटलं. हात जोडून ती खांबाला टेकली. गुरव गाऱ्हाणं घालायला आत वळला.

तिने डोळे उघडले तेव्हा अंगणातलं ऊन सरकून दाराशी आलं होतं. गुरव पायरीवर वाती वळत बसला होता.

ती दचकून उठली. "कौल खंयचो पडलो?"

"कळे लावूकच नाय."

"म्हणजे?"

"तू घोरत होतंस. त्या आवाजात देवाक माझा गाऱ्हाणा काय ऐकाक येतला?" तो हसला नाही. वातीवरची नजरही त्याने काढली नाही. "काशीबाईक सांग, देवान कौल देवूक नाय. पुढच्या सोमवारी परत येवचा. कौल पडेपर्यंत अ‍ॅनीक बसव. मधे खंड नको."

आनंदीने घरी जाऊन शब्दाला शब्द सांगितलं. काशीबाईंनी जोडलेले हात कपाळाला लावले. देवाच्या पुढे काय बोलायचं?

अ‍ॅनी पुढच्या सोमवारी आली. त्याच्या पुढच्याही.

पारू सदुसष्ट साली गेली. तोवर नऊ वर्षं आनंदीने देवळातला एकही सोमवार चुकवला नाही, आणि परशुरामाने तिचा प्रश्न देवापुढे एकदाही मांडला नाही.