कललेलं झाकण

शरयूने किटलीचं झाकण बोटभर तिरकं ठेवलं. फटीतून वाफेची बारीक रेघ निघाली आणि वीतभर वर जाऊन विरली. या चिनी शाकाहारी हॉटेलात झाकण कललेलं दिसलं, की न मागता चहा भरून मिळतो.

तिचा नवरा दर रविवारी हेच करायचा. सिंगापूर सोडून सावंतवाडीला परतायचा विषय तिने काढला, की डिमसमची टोपली पुढे सरकवत म्हणायचा, "अगं, अजून एक किटली होऊ दे." किटलीमागून किटली होत राहिली, आणि मागच्या वर्षी तोच गेला.

"आई, तूही बाबांसारखीच गं!" समोर बसलेला मुलगा हसला. "आणखी चहा?"

वेट्रेस किटलीकडे हात नेणार, तेवढ्यात शरयूने झाकण नीट बसवलं.

"नको रे, पुरे झाला. मी सावंतवाडीला जातेय. राहायला."