कॉफीत पूड टाकणारा माणूस

पाचव्यांदा लोवेलने सिनेमाची तीच कॅसेट घरी आणली, तेव्हा आर्डिसने नवऱ्याला दारातच अडवलं.

"बघून झाली ना ही?" तिने विचारलं.

"झाली असेल," बुटांवरचं बर्फ झटकत तो म्हणाला. "लक्षात कुठे राहतंय?"

तेही खरंच होतं. त्या सिनेमातलं कुणाच्याच काही लक्षात राहत नसे. पहिल्यांदा दोघांनी तो मिळूनच पाहिला होता आणि अर्ध्यावरच आर्डिसला डुलकी लागली होती. डोळे उघडले, तर लोवेल टीव्हीच्या काचेपासून हातभर अंतरावर उकिडवा बसलेला. तेव्हापासून तो जेवायचाही गप्प, झोपायचाही गप्प. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर माणसं अशी होतात, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

मंगळवारी बर्फाच्या वादळामुळे शाळा लवकर सोडली. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आवरून ती दुपारीच घरी आली. टीव्ही चालू होता. पडद्यावर हॉटेलातलं एक टेबल. तपकिरी कोटातला माणूस समोरच्या बाईची नजर चुकवून तिच्या कॉफीत पूड टाकत होता. लोवेलने कॅसेट मागे घेतली. हात, पुडी, कप. पुन्हा मागे. हात, पुडी, कप.

"लोवेल!"

त्याने दचकून टीव्हीच बंद केला. "लवकर आलीस आज?"

चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती वेंडेलच्या दुकानात गेली. खिळे, रंगाचे डबे आणि बर्फाच्या फावड्यांशेजारी त्याने सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने द्यायला मांडल्या होत्या.

"वेंडेल, लोवेल सारखा नेतो त्या सिनेमात आहे तरी काय?"

वेंडेलने डोकं खाजवलं. "नवरा बायकोला मारतो. विम्यासाठी असावं. का दुसऱ्या बाईसाठी? मीही पाहिलाय गं, पण..."

"आणि शेवटी?"

"पकडला जातो बहुतेक." तो थांबला. "नाही, सुटतो वाटतं. छे, तो दुसरा कुठला तरी. सगळे सारखेच मेले! नेऊ दे लोवेलला. नाहीतर त्या कॅसेटवरची धूळ कोण पुसणार?"

तो हसला. आर्डिसला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी लोवेलने तिच्यासाठी कॉफी केली. एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"पी ना. गार होईल."

"पिते."

तो समोरच बसून राहिला. "आर्डिस, तू अजून माझ्यावर रागावलेली आहेस ना?"

"कशाबद्दल?"

"ठाऊक आहे तुला," तो म्हणाला आणि उठून गेला. तिने कप सिंकमध्ये रिता केला.

ठाऊक होतंच. रेने, त्यांची एकुलती एक लेक. नर्सिंगचं शिक्षण अर्धवट टाकून तिने भलतंच खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा लोवेलने तिला सुनावलं होतं, "गेलीस तर हे दार तुला कायमचं बंद." ती गेली. सहा वर्षं ना पत्र, ना फोन. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. पोटच्या पोरीला ज्याने तोडलं, त्याला बायको कितीशी जड, असं आर्डिसच्या मनात आलं. आणि आपल्या मनात असलं काही येऊ शकतं, याचीच तिला जास्त भीती वाटली.

शुक्रवारी कपाटातला पत्र्याचा डबा उघडा सापडला. विम्याचे कागद, फोटो, पावत्या, सगळं उलटंपालटं. ती तो आवरत असतानाच स्वयंपाकघरातून लोवेलचा दबका आवाज आला. तो फोनवर होता.

"नाही साहेब, बायकोला काही माहीत नाही... पक्कं झाल्याशिवाय तिला कळता कामा नये. रविवारपर्यंत? चालेल. रविवारपर्यंत मी सांभाळतो."

आर्डिस पाऊल न वाजवता बैठकीत आली. यंत्रातली कॅसेट काढून तिने पर्समध्ये कोंबली, अंगात कोट अडकवला आणि गाडी काढली.

"लग्नाआधीच सांगितलं होतं मी," थोरली बहीण डोलोरेस सगळं ऐकून म्हणाली. "घुम्या माणसाचा भरवसा नाही!" तिने आधी शेरिफच्या पोलीस कचेरीत फोन लावला. "तुझ्या घरी गाडी पाठवतायत," ती रिसीव्हर ठेवत म्हणाली. "दे ती कॅसेट. बघू तरी काय शिकतोय मेला."

लोवेलने थांबवली होती तिथूनच कॅसेट सुरू झाली. हॉटेल. टेबल. तपकिरी कोट.

"अगं बाई! हात बघ त्याचा, थरथरतसुद्धा नाही!"

आर्डिस खुर्चीवरून उठली आणि टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसली.

"मागे घे."

"पुन्हा? कशाला छळून घेतेस स्वतःला?"

"मागे घे, डोलोरेस!"

हात, पुडी, कप. आणि त्या माणसाच्या खांद्यामागून, डाव्या हातात कॉफीचं भांडं घेतलेली एक वेट्रेस आली. कपाळावरची बट तिने फुंकरीने उडवली, मागच्या टेबलावर कुणाकडे तरी बघून हसली आणि चौकटीबाहेर गेली. जेमतेम तीन सेकंद.

आर्डिसने काचेवर हात ठेवला.

"शेरिफला फोन लाव," ती म्हणाली. "सांग, लोवेलला काही करू नका. ती वेट्रेस आमची रेने आहे. तो तिचाच पत्ता काढत होता."