बर्फात रुतलेली पानं

सकाळी चढताना बर्फाच्या पुलाच्या वरच्या तोंडाशी परतीसाठी नैवेद्य म्हणून ठेवलेली कोकाची तीन पानं आता वर दिसत नव्हती. आपापल्या आकाराचा खड्डा करून ती बोटभर खाली जाऊन बसली होती.

"बघा वन्सं," हुस्ता म्हणाली, "आचाचिला आजोबांनी पानं खाल्ली. आता सुखरूप खाली सोडतील."

सेवेराने वाकून त्या खड्ड्यात बोट घातलं. ते सहज आत गेलं. सकाळी तिथे कुऱ्हाडीचं टोकसुद्धा शिरत नव्हतं. गडद पान उन्हात तापतं आणि खालचा बर्फ वितळवत जातं, त्यात डोंगरदेव आजोबांचा हात नसतो, हे तिला या डोंगरावर म्हातारी होता होता कळून चुकलं होतं. तरी पानं ठेवल्याशिवाय ती कधी पाऊल टाकत नसे.

ऑक्टोबर सरत आला होता, चढाईचा हंगाम संपला होता. वाट बंद करायची म्हणून नणंद-भावजय वरच्या खुणेच्या काठ्या उपटायला गेल्या होत्या. काही काठ्या गोठून बसल्या होत्या, त्या खणून काढता काढता ऊन डोक्यावर आलं. खाली दगडी खोपटाचा धूर दिसत होता. तिथे हुस्ताचं तान्हं तिच्या आईजवळ होतं. दूध भरून तिची छाती दगडासारखी झाली होती. मध्ये फक्त बर्फातली ही खोल भेग होती, आणि तिच्यावर दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब बर्फाचा पूल. दुसरी वाट नव्हती.

"तुमच्या भावाला सांगून आले होते, उन्हाच्या आत येते म्हणून."

"त्याचं काय घेऊन बसलीस. तो अजून उठला नसेल." सेवेराने दोर सोडवून सरळ केला. "आधी तू जा."

"तुम्ही थोरल्या. तुम्ही आधी."

"मी जाडी आहे. माझ्या वजनाने पूल मोडला तर तू काय उडत येणार? पालथी पड आणि सरकत जा. आणि गाठ दोनदा मार. मी बघतेय."

हुस्ताने कमरेला दोनदा गाठ मारली आणि ती बर्फावर पालथी पडली. काठ्यांची मोळी पोटाखाली घेऊन ती इंचाइंचाने सरकू लागली. मध्यावर आली तेव्हा खाली काहीतरी सुटलं. ते आपटल्याचा आवाज फार उशिरा आला. तिला ओरडायचं होतं, पण ओरडण्यानेही पूल पडेल असं वाटून तिने दात आवळले.

पलीकडे पोचल्यावर ती गुडघ्यांवर बसून राहिली. मग दोर धरायला तिने कुऱ्हाड रोवली. साखरेत चमचा खुपसावा तशी ती आत गेली आणि कलंडली. दुसरीकडे रोवली, तिथेही तेच झालं.

सेवेरा अलीकडून बघत होती.

"तोंड फिरव," ती म्हणाली.

"का?"

"घागरे काढतेय. भिजून मणाचे झालेत."

भीतीतही हुस्ताला हसू आलं. एकावर एक चार घागरे घालून डोंगर चढणारी तिची नणंद तापाने फणफणली तरी घागऱ्याशिवाय कुणाला दिसली नव्हती. पँट घालून चढणाऱ्या पोरींना ती तोंडावर नावं ठेवायची. हुस्ताने तोंड फिरवलं.

"ओढ आता."

दोर ओढला तसं घागऱ्यांचं गाठोडं पुलावरून घसटत आलं. दोराच्या मध्ये कुठेतरी ते बांधलं असेल, असं तिला वाटलं होतं. गाठोडं हाताशी आलं आणि तिने पाहिलं, त्यापुढे दोरच नव्हता. दोराचं टोक गाठोड्यालाच बांधलेलं होतं.

"वन्सं, दोर?"

"राहू दे तुझ्याकडे. तुझी कुऱ्हाड धरत नाहीये, बघितलं मी. मी गेले तर तुला घेऊन जाईन." लोकरीच्या विजारीत सेवेरा अचानक लहान दिसत होती. "तू नीघ. पोर रडत असेल. मी येते सावकाश."

क्षणभर हुस्ताला खरंच निघावंसं वाटलं. भेगेपेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिने कुऱ्हाडीने खड्डा खणायला घेतला. हात बधिर झाले, दूध पाझरून अंगावरची शाल ओली झाली, तरी ती थांबली नाही. दोराच्या टोकापासून गाठोडं सोडवून तिने त्याला दोराचा मधला भाग आवळला, ते आडवं खड्ड्यात घातलं, वर बर्फ लोटला आणि नाचल्यासारखं पाय आपटून तो दाबला. मग सगळा जोर लावून दोर ओढून बघितला. गाठोडं हललं नाही.

"माझे लग्नातले घागरे आहेत ते," पलीकडून सेवेरा म्हणाली.

"धुऊन देईन."

हुस्ताने मोकळं टोक फेकलं. ते अर्ध्यावर पडलं. तिने ते ओढून घेतलं आणि पुन्हा फेकलं. या वेळी ते पानांच्या खड्ड्यांजवळ पडलं. सेवेरा त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

हुस्ता गाठोड्यावर बसली, टाचा बर्फात रोवल्या आणि दोर पाठीमागून वळवून घेतला.

"मी बसलेय इथे. तुम्ही येईपर्यंत उठणार नाही. पोर रडेल तेवढं रडेल."

पुलाच्या पोटात पाणी ठिबकत होतं. ते आता दोघींनाही ऐकू येत होतं. सेवेराने दोर उचलून कमरेभोवती घेतला. गाठ मारताना टोक दोनदा निसटलं.

"दोनदा मारा गाठ, वन्सं," हुस्ता म्हणाली. "मी बघतेय."