अंगड्याचा शेवटचा टाका

"हात लावू नका हं, आजी," असं सरिता म्हणेपर्यंत नवसाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतलेसुद्धा होते. टेबलावर पांढऱ्या कागदावर तान्ह्या बाळाचं अंगडं पसरलेलं होतं. घोटीची जुनी भातगिरणी पाडताना ते दाराच्या वरच्या भिंतीत, मडक्यात घातलेलं सापडलं. गिरणीवाल्यांनी ते नाशिकला संग्रहालयात पाठवलं, पेपरात फोटो आला आणि तो फोटो बघून म्हातारी आज आली होती. सोबत आलेल्या पुतण्याला तिने फाटकाशीच थांबवलं होतं.

जुनी कापडं जपणं हे सरिताचं काम. महिनाभर ती मऊ ब्रशने या अंगड्यावरची माती काढत होती. त्या खोलीत चहा आणायची कुणाची छाती नव्हती. स्वतःला शिंक आली तरी ती तोंड दाबून बाहेर पळायची.

"माझ्या भावाचं हाय ह्ये, गोटीरामचं," नवसाबाई म्हणाल्या. "त्याच्या आधीचे दोघं पाळण्यातच गेले. मंग आईनं घरोघर चिंध्या मागितल्या आन त्याला ह्ये शिवलं. मागून आणलेलं घातलं की नजर लागत नाय."

"आणि ही डावी बाही? हिची शिवण अर्ध्यातच सोडलीय. सुईसुद्धा दोऱ्यात तशीच आहे."

"सोडली नाय, ठिवली. ह्ये पुरं झालं की त्याचं आयुष्यबी पुरं व्हईल, म्हनायची आई. काखंत दोन बोटं उघडं ठिवलं. तवा गिरणीचं काम चाललं व्हतं, आई चिखल वाहायची. तिनंच भिंतीत ठिवलं. दिवा म्या धरला व्हता."

सरिताला आनंद झाला, तो तिला लपवता आला नाही. गंजलेल्या त्या सुईपाशी ती कितीदा थांबली होती. "म्हणजे गोटीरामबाबा अजून आहेत? मला भेटता येईल त्यांना?"

"हाय," नवसाबाई म्हणाल्या. "म्हनून तर आले."

त्या खुर्चीवर बसल्या.

"डाक्टरनं घरी धाडला त्याला. हाडांचा सापळा राहिलाय नुसता. पाठ सगळी सोललीय, कूस बदलली की गुरावानी वरडतो. लेकीला बोलावलं, समद्यांना भेटवलं. गंगेचं पाणी पाजलं. तरी सुटका व्हईना. काल मला म्हनला, आक्का, आईला सांग ना." नवसाबाईंनी अंगड्याकडे बघितलं. "तेवढं पुरं कर, बाई."

सरिताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती टेबल आणि म्हातारी यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"आजी, असं नाही करता येत. ती उघडी शिवण हीच तर यातली मोलाची गोष्ट आहे. आपण काहीच बदलायचं नसतं."

"म्या घातला असता टाका. पन म्या रक्ताची. माझ्या हातानं त्याला लोटल्यावानी व्हईल. ह्यातली चिंधीन् चिंधी परक्यांनी दिलेली हाय. शेवटाला परक्याचाच हात बरा."

असल्या गोष्टींवर सरिताचा विश्वास नव्हता. दोऱ्याने कुणी जगत नाही आणि मरतही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला भीती वाटली. उद्या घोटीहून फोन आला तर? आणि नाही आला, तो माणूस तसाच ओरडत राहिला तर? दोन्हींपैकी काय जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

नवसाबाई रडत नव्हत्या, हात जोडत नव्हत्या. नुसत्या बसून होत्या. दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसावं तशा.

सरिताने खण उघडला. केसाहून बारीक रेशमी दोरा काढला, सुईत ओवला.

"मी टाका घालते," ती म्हणाली. "पण उसवता येईल असा. आमच्यात तसाच घालतात. नंतर कुणाला काढायचा झाला, तर कापडाला काही न होता निघाला पाहिजे."

म्हातारीने मान हलवली.

"उसवायचा नको. आईनं येवढी वर्षं उघडं ठिवलं, ते लय झालं. पक्का घाल."

सरिता सुई धरून उभी राहिली. मग तिने रेशीम रिळावर परत गुंडाळून ठेवलं. स्वतःच्या पर्समधून साध्या सुती दोऱ्याचं रीळ काढलं. वाटेत साडीचा फॉल निघाला तर असावं, म्हणून ते तिच्याजवळ नेहमी असायचं. आईच्या गंजलेल्या सुईला तिने धक्का लावला नाही. तिच्याच शेजारून, काखेतल्या त्या दोन बोटं जागेत, ती टाके घालत गेली. एकेक टाका ओढून घट्ट केला. कापड जुनं होतं, पण फाटलं नाही.

नवसाबाई उठून जवळ आल्या. खोलीत दिवे होते, खिडकीतून ऊनही येत होतं. तरी त्यांनी ओंजळ करून टेबलाशी धरली. हातात दिवा असावा तशी.

सरिताने गाठ मारली. एक मारली, तिच्यावर दुसरी मारली. कात्री हाताशीच होती. पण ती खाली वाकली, महिनाभर जिच्यावर श्वाससुद्धा पडू दिला नव्हता त्या बाहीला तोंड लावलं आणि दोरा दाताने तोडला.